जनावरांचे आणि पाळीव प्राण्यांचे आजार: संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या पाळणारे आणि घरात कुत्रा-मांजर सांभाळणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधांची नावं माहितीसाठी दिली आहेत. ती वाचून स्वतःच उपचार सुरू करू नका.

प्राण्यांच्या आजारांवर संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात?

आजार कशामुळे होतो, एका जनावराकडून दुसऱ्याकडे कसा जातो आणि त्याला कुठे अडवता येईल, एवढंच शोधतात. यातल्या मधल्या प्रश्नाच्या उत्तराला कधी कधी पिढ्या लागतात.

एक जुनं उदाहरण देतो, कारण कामाची पद्धत त्यातून लख्ख दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दक्षिणेकडची गुरं उत्तरेला नेली की तिथली गुरं तापाने फणफणायची, लघवी लाल व्हायची आणि पटापट मरायची. दक्षिणेची गुरं मात्र धडधाकट. गुरं राखणारे म्हणायचे, हे गोचिडांचं काम आहे. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेड किलबोर्न यांनी मात्र ते म्हणणं मनावर घेतलं. एका कुंपणात त्यांनी दक्षिणेची गुरं गोचिडांसकट ठेवली आणि सोबत उत्तरेची गुरं. दुसऱ्या कुंपणात तशीच गुरं, पण दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढलेले. तिसऱ्यात दक्षिणेचं एकही जनावर नाही, नुसते गोचीड सोडलेले. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणात उत्तरेची गुरं आजारी पडली, दुसऱ्यात पडली नाहीत. १८९३ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. त्या तापाला आज आपण बबेसिओसिस म्हणतो.

जनावराजवळ दिवसभर असणाऱ्या माणसाला आधी दिसतं, आणि संशोधकाने ते तपासून पाहायचं असतं. या विषयातली बरीच मोठी कामं अशीच झाली आहेत, म्हणून पुढच्या उत्तरांतही हा मुद्दा येत राहील.

बुळकांडी जगातून खरंच संपली का? ते कसं जमलं?

हो, संपली. बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट, गुरांचा विषाणूमुळे होणारा रोग. तो संपल्याचं २०११ साली अधिकृतपणे जाहीर झालं. माणसाची देवी गेली, त्यानंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. एके काळी बुळकांडी शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती आफ्रिकेत पोचली आणि काही वर्षांत तिथली बहुतांश गुरं मेली. नांगर ओढायला बैल उरले नाहीत, दूध आटलं आणि दुष्काळाने माणसंही गेली. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून जाणाऱ्या गुरांमुळे ती युरोपात पुन्हा पसरली. त्या धसक्यातूनच १९२४ साली जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली.

रोग नष्ट होण्यामागे विषाणूचा स्वभावही होता. त्याचा एकच प्रकार होता. बरं झालेलं जनावर आयुष्यभर सुरक्षित राहायचं आणि विषाणू अंगात दडवून ठेवायचं नाही. गोठ्याबाहेर हा विषाणू फार काळ टिकायचा नाही. वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून तो सौम्य केला आणि १९६० च्या सुमारास त्याची लस तयार केली. एका टोचणीत जन्मभराचं संरक्षण मिळू लागलं.

तरीही रोग लगेच गेला नाही. आफ्रिकेत १९६२ पासून मोठी लसीकरण मोहीम झाली, रुग्ण जवळपास दिसेनासे झाले, सगळे निवांत झाले आणि १९८० च्या दशकात बुळकांडीने पुन्हा डोकं वर काढलं. रोग शिल्लक राहिला होता तो दुर्गम भागांत, जिथे वीज नाही, बर्फ नाही, लस थंड ठेवायची सोय नाही. मग जेफ्री मरिनर यांनी लस सुकवण्याची पद्धत बदलली आणि ती शीतपेटीशिवाय महिनाभर टिकेल अशी केली. ती टोचायचं काम गुरं घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांनाच शिकवलं. कुठल्या कळपात कधी डोळ्यांतून पाणी आलं, कुठे हगवण लागली, हे त्यांना तोंडपाठ असायचं. शेवटचे रुग्ण शोधले गेले ते त्यांच्या माहितीवरून. २००१ साली केनियात शेवटची नोंद झाली. माझ्या मते बुळकांडीच्या शेवटाचं निम्मं श्रेय या पशुपालकांचं आहे.

मग लाळ्या-खुरकूत का जात नाही? लस तर त्याचीही आहे.

बुळकांडीत जे जे आपल्या बाजूने होतं, ते इथे आपल्या विरुद्ध आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात मुख्य प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही. (त्यातला ‘सी’ हा प्रकार २००४ नंतर कुठे आढळलेला नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.) एकाच प्रकारातही पोटभेद इतके, की लसीतला विषाणू आणि गोठ्यात आलेला विषाणू यांचा मेळ बसतो का हे सतत पाहावं लागतं. लसीचं संरक्षण साधारण सहा महिने टिकतं. बरी झालेली काही जनावरं घशात विषाणू महिनोन्‌महिने बाळगतात. शिवाय गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, रानटी खुरांचे प्राणी, सगळ्यांना तो होतो.

हा प्राण्यांमधला शोधला गेलेला पहिला विषाणू. लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ साली दाखवून दिलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोगकारक पार होतो. इतक्या जुन्या ओळखीचा शत्रू अजून ठाण मांडून आहे, यावरून तो किती चिवट आहे ते कळेल. लसीची वेळ चुकवू नका, एवढंच कळकळीने सांगेन. कळपातली थोडी जनावरं लसीविना राहिली तरी रोगाला वाट मिळते.

पुढचा कोणता रोग नष्ट होऊ शकतो?

शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर. त्याचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे, सगळ्या वाणांवर एकच लस चालते आणि संरक्षण काही वर्षं टिकतं. २०३० पर्यंत तो संपवायचं जागतिक उद्दिष्ट ठरलं आहे. अडचण अशी की शेळ्या-मेंढ्या लवकर वाढतात आणि लवकर विकल्याही जातात, त्यामुळे कळपात सतत नवी, लस न दिलेली करडं-कोकरं येत राहतात.

लस दिली, तरी जनावर आजारी पडलं. लस खोटी होती का?

बहुतेक वेळा लस खोटी नसते. लस दिल्यावर शरीराला तयारी करायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात, किंवा आधीच संसर्ग झाला असेल तर, जनावर आजारी पडतं आणि दोष लसीवर जातो. लस वाटेत तापली किंवा गोठायला नको ती गोठली, तर ती बाटलीत असतानाच निकामी होते, आणि बाहेरून काही कळत नाही. जंतांनी पोखरलेलं, खंगलेलं जनावर लसीला नीट प्रतिसादही देत नाही.

आणखी एक बाजू आहे. काही लसी आजार थोपवतात, पण संसर्ग थोपवत नाहीत. कोंबड्यांचा मारेक हा आजार घ्या. तो विषाणूमुळे होणारा गाठींचा रोग, एक प्रकारचा कर्करोगच. त्याची लस कोंबडीला वाचवते, पण लस दिलेली कोंबडी संसर्ग झाल्यास विषाणू बाहेर टाकत राहते. २०१५ साली अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं की अशा कळपात फार घातक वाणही टिकून राहू शकतात. एरवी ते कोंबडीला इतक्या लवकर मारतात की पुढे पसरायला त्यांना वेळच मिळत नाही. याचा अर्थ लस देऊ नये असा बिलकूल नाही. लस न दिलेल्या कोंबड्यांनाच या वाणांचा सगळ्यात जास्त धोका असतो. लसीसोबत स्वच्छता, जुन्या-नव्या पक्ष्यांची फारकत आणि नव्या वाणांवर नजरही लागते.

कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्होची लस एकदा दिली. डॉक्टर पुन्हा पुन्हा का बोलावतात?

हा प्रश्न जितका विचारला जातो तितकं त्याचं उत्तर नीट दिलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पिल्लू जन्मल्यावर आईच्या पहिल्या चिकातून त्याला तयार प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं, अँटिबॉडी) मिळतात. ती त्याला सुरुवातीचे आठवडे जपतात. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही शत्रू समजून मारून टाकतात, आणि लस वाया जाते. दिवसागणिक ती कमी होत जातात. मग अशी एक वेळ येते की लस हाणून पाडण्यापुरती ती शिल्लक असतात, पण रस्त्यावरच्या खऱ्या विषाणूला अडवायला पुरत नाहीत. पार्व्हो नेमका याच फटीतून शिरतो. ही फट कुठल्या आठवड्यात येईल हे आईत किती प्रतिपिंडं होती आणि पिल्लाने चीक किती प्यायला यावर ठरतं. एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही फरक पडतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे किंवा त्याहून थोडं जास्त होईपर्यंत डोस देतात. यातला कुठला डोस लागू पडला हे बाहेरून सांगता येत नाही. शेवटचा डोस चुकवणं सगळ्यात महागात पडतं, कारण तोवर बहुतेक पिल्लांची आईकडून आलेली प्रतिपिंडं ओसरलेली असतात.

हा विषाणू तसा नवा आहे. १९७८ साली जगात अनेक ठिकाणी एकदम कुत्री उलट्या आणि रक्ताच्या हगवणीने मरू लागली. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी त्याचं अगदी जवळचं नातं निघालं. साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासल्यावर कळलं की युरोपात तो काही वर्षं आधीच फिरत होता. जुने नमुने जपून ठेवण्याचा उपयोग तो असा.

घरात पार्व्होचा रुग्ण होऊन गेला असेल तर लक्षात ठेवा: या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल आणि नेहमीची बरीच जंतुनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. आधी घाण धुऊन काढायची, मग पातळ केलेलं ब्लीच, आणि ते दहा मिनिटं तरी ओलं राहू द्यायचं. मातीत तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. नवं पिल्लू आणायची घाई करू नका.

ब्रुसेल्लाची लस फक्त कालवडी आणि पारड्यांनाच का देतात?

ब्रुसेल्ला हा जनावरांना गाभडवणारा जिवाणूंचा आजार. त्याची एस-१९ ही जुनी आणि चांगली लस जिवंत जिवाणूंची आहे. मोठ्या गाभण गाईला दिली तर गर्भपात होऊ शकतो, आणि नराच्या वृषणाला ती सुजवू शकते. म्हणून साधारण चार ते आठ महिन्यांच्या माद्यांनाच देतात. उशिरा दिली तर आणखी एक घोळ होतो: रक्ततपासणी पुढे बराच काळ होकारार्थी येत राहते आणि लसीमुळे की रोगामुळे हे कळत नाही. लस आणि संसर्ग यांत फरक करता येईल अशा लसी बनवणं, ही आजच्या संशोधनातली एक मोठी दिशा आहे. आरबी-५१ ही लस त्याच विचारातून आली.

एस-१९ चा जन्म मोठा विलक्षण आहे. १९२३ साली एका जर्सी गाईच्या दुधातून हा जिवाणू वेगळा काढला, तेव्हा तो घातक होता. प्रयोगशाळेत साध्या तापमानाला वर्षाहून जास्त काळ पडून राहिल्यावर तो आपोआप सौम्य झाला.

आता महत्त्वाचं. ब्रुसेल्ला माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लावतो. गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हाताने ओढू नका, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि ही लस टोचताना सुई स्वतःला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दूध तर स्वच्छ दिसतं, कासही मऊ आहे. मग कासदाह असल्याचं कसं म्हणता?

सुप्त कासदाह डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. तो पकडायला १९५७ पासून वापरात असलेली कॅलिफोर्निया चाचणी आजही उत्तम आहे, आणि ती गोठ्यातच करता येते.

चार उथळ वाट्या असलेलं प्लास्टिकचं पॅडल असतं. सडं पुसून पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या. मग प्रत्येक सडाची एकेक धार ज्याच्या त्याच्या वाटीत. पॅडल तिरकं करून जास्तीचं दूध सांडून टाकायचं, म्हणजे चारही वाट्यांत सारखं आणि थोडंसंच उरतं. त्यात तेवढंच चाचणीचं जांभळट द्रावण घालून पॅडल हलकेच गोल फिरवायचं. निरोगी सडाचं दूध पाण्यासारखं फिरत राहतं. बाधित सडाचं बघता बघता घट्ट होऊ लागतं, मधोमध गोळा होतं, आणि पॅडल वाकडं केलं तर शेंबडासारखं एकगठ्ठा घसरतं. कारण असं: जंतूंशी लढायला कासेत पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात. द्रावण म्हणजे मुळात साबणाचाच प्रकार. तो या पेशी फोडतो आणि आतला डीएनए बाहेर येऊन दुधाचा चिकट लगदा करतो. वाटी जितकी घट्ट, तितक्या पेशी जास्त.

साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये २,००,००० पेक्षा जास्त पेशी असल्या तर त्या सडात संसर्ग आहे असं धरतात. ही चाचणी जंतूचं नाव सांगत नाही. त्यासाठी दूध प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. पण कुठला सड, हे ती दोन मिनिटांत सांगते. नुकतीच व्यायलेली किंवा आटत आलेली गाय मात्र यात फसवू शकते, कारण तेव्हा पेशी एरवीही वाढलेल्या असतात.

सगळे आजार जंतूंमुळेच होतात का?

नाही. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडतात, उठत नाही. हा मिल्क फीवर. नावात ताप असला तरी अंग गार असतं. चीक आणि दुधातून कॅल्शियम एकदम बाहेर जातं आणि रक्तातलं कमी पडतं. हे कारण कळायच्या आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कासेत हवा भरून उपचार करत आणि गाई खरोखर उठून उभ्या राहत. कास फुगली की दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियमची गळती कमी होते, हा त्याचा उलगडा नंतर झाला. आता शिरेतून कॅल्शियम देतात, आणि विण्याआधीच्या तीन आठवड्यांत आहारातल्या क्षारांचा तोल बदलून हा आजार टाळताही येतो.

मांजरांतही असंच झालं. १९८७ साली पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय ढिलं पडून निकामी होण्यामागे टॉरिन या घटकाची कमतरता होती. तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं आणि तो आजार झपाट्याने कमी झाला.

जनावराला ताप आला की अँटिबायोटिक द्यायला काय हरकत आहे?

ताप विषाणूचा असेल तर त्याचा उपयोग नाही. जिवाणूचा असेल तर कुठलं औषध चालेल हे तपासल्याशिवाय अंदाजच असतो. अर्धवट आणि अंदाजाने दिलेल्या औषधांतून तगून राहिलेले जिवाणू पुढे पसरतात. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत कोलिस्टिनला दाद न देणारा जनुक सापडला, आणि तो एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारा निघाला. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवलेल्या अखेरच्या औषधांपैकी एक आहे.

औषध कमी करणं शक्य आहे, याचा सज्जड पुरावा मत्स्यपालनात आहे. नॉर्वेत १९८७ साली सॅमन माशांसाठी जवळपास ५० टन अँटिबायोटिक वापरलं जात होतं. चांगल्या लसी आल्या, आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही तो वापर एक टनाच्या आसपास किंवा त्याखाली आला. मला आजाराच्या उपचारापेक्षा लसीवरचं संशोधन जास्त जवळचं वाटतं, ते यामुळेच.

औषध दिलंच तर बाटलीवर लिहिलेला दूध आणि मांस न वापरण्याचा काळ काटेकोरपणे पाळा.

माणसांची औषधं, किंवा एका प्राण्याची दुसऱ्याला, चालतात का?

कृपा करून स्वतःच्या मनाने देऊ नका. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निचरा करणारी यंत्रणा फार तोकडी असते. एका गोळीने तिचं रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध मांजराला लावलं तर झटके येतात. कोली आणि त्यासारख्या जातींच्या काही कुत्र्यांत एका जनुकात बिघाड असतो. मग आयव्हरमेक्टिनसारखं औषध थेट मेंदूत शिरतं. हा बिघाड २००१ साली सापडला, आणि आता त्याची साधी तपासणी करता येते.

औषधाचा परिणाम ज्याला दिलं त्याच्यापुरता थांबतोच असं नाही. दक्षिण आशियातली गिधाडं अचानक नाहीशी होऊ लागली, काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडायचा. आधी विषाणूचा संशय होता. २००४ साली कारण उघड झालं: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक. ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर जगायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय तपासून समोर ठेवला गेला आणि २००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळने गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं.

मांजराला एफआयपी झालाय. काहीच उपाय नाही का?

काही वर्षांपूर्वी मला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. आज तसं नाही, आणि हे लिहिताना मनापासून आनंद होतो.

मांजरांमध्ये एक कोरोना विषाणू सर्रास असतो आणि बहुतेकांना थोड्या जुलाबापलीकडे त्रास देत नाही. थोड्या मांजरांत, विशेषतः लहान वयात, तो शरीरातच बदलतो, पोटात किंवा छातीत पाणी साठतं, ताप उतरत नाही. हाच एफआयपी. पूर्वी हे निदान म्हणजे मरण. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांनी उभं आयुष्य या आजारावर घालवलं. २०१९ साली त्यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध खरोखर आजारी असलेल्या ३१ मांजरांना देऊन पाहिलं. चार मांजरं सुरुवातीच्या काही दिवसांतच गेली, इतकी ती खालावलेली होती, आणि पाचवं काही आठवड्यांनी गेलं. उरलेल्या २६ पैकी २५ दीर्घकाळ जगली, काहींना दुसऱ्यांदा उपचार द्यावे लागले. माणसांच्या कोविडमध्ये वापरलेलं रेमडेसिव्हिर याच औषधाचं भावंड.

सुरुवातीला उपचार बारा आठवडे चालायचे. पोटात पाणी झालेल्या मांजरांना सहा आठवडेही पुरू शकतात असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. हे औषध कुठल्या मार्गाने मिळतं हे देशादेशांत वेगळं आहे, म्हणून डॉक्टरांनाच विचारा. नाव-गाव नसलेल्या बाटल्या मागवू नका. आत काय आणि किती आहे, हे त्यावरून कळत नाही.

जनावरांचे आजार आपल्याला होतात का?

बरेच होतात. रेबीज सगळ्यात भीषण: लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. माणसातल्या ९९ टक्के रेबीजचं मूळ कुत्र्याच्या चाव्यात असतं, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते. चावा लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. युरोपातल्या कोल्ह्यांमधला रेबीज तर आमिषात लस भरून घालवला. त्याची पहिली चाचणी १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये झाली, कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून.

नव्या वाटाही उघडत असतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, तेही कासेत आणि दुधात. तिथल्या गोठ्यांवर कच्चं दूध प्यायलेली मांजरं दगावली. गाईला बर्ड फ्लू होईल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

प्राण्यांवरच्या संशोधनाचा माणसांना काही फायदा?

ब्रिआर्ड जातीच्या जन्मांध कुत्र्यांना २००१ साली जनुकोपचाराने दिसू लागलं. त्याच जनुकाच्या दोषाने अंध झालेल्या माणसांसाठीचा उपचार अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाला. चालता चालता झोपेने कोसळणाऱ्या डॉबरमनमध्ये १९९९ साली सापडलेल्या जनुकाने माणसातल्या त्या आजाराचं गूढ उकललं.

प्रयोगांसाठी प्राण्यांचे हाल करतात का?

ही काळजी रास्त आहे. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग, लागतील तितकेच कमीत कमी प्राणी आणि वेदना कमीत कमी, हे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलं. आज नैतिक समित्या त्यावरच बोट ठेवून परवानगी देतात किंवा नाकारतात. याशिवाय बरंचसं काम खऱ्या रुग्णांवर, मालकाच्या लेखी संमतीने होतं. वरची ३१ मांजरं अशीच घरची होती. तुम्हाला कुणी विचारलं तर नकार द्यायचा, मधूनच बाहेर पडायचा पूर्ण हक्क तुम्हाला असतो.

‘रामबाण औषध सापडलं’ अशी बातमी वाचली. विश्वास ठेवू का?

औषध न दिलेली जनावरं सोबत ठेवली होती का, हे आधी विचारा. पाश्चरने १८८१ साली फाशी रोगाच्या (अँथ्रॅक्सच्या) लसीची जाहीर चाचणी घेतली, तेव्हा निम्म्या मेंढ्यांना लस दिली, निम्म्यांना नाही, आणि मग सगळ्यांना रोगजंतू टोचले. लस न दिलेल्या मेंढ्या मेल्या नसत्या, तर उरलेल्या जगल्या याला काही अर्थ नव्हता.

आणि तपासणाऱ्याला कुणाला काय दिलं ते माहीत होतं का? कुत्र्यांच्या सांधेदुखीच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की नुसती खोटी गोळी दिली तरी बऱ्याच मालकांना आणि डॉक्टरांनाही कुत्रा सुधारल्यासारखा वाटतो. पायाचा भार मोजणाऱ्या यंत्रावर मात्र फरक शून्य.

आमच्याकडून काय मदत होऊ शकते?

तारीख लिहा. ताप कधी आला, खाणं कधी सोडलं, नवं जनावर कधी आणलं, चारा कधी बदलला. एवढी वही असली तरी तपास निम्मा होतो.

नमुने अँटिबायोटिक द्यायच्या आधी घेऊ द्या. नंतर घेतलेल्या दुधात जंतू सापडत नाहीत आणि सगळे चकतात. दुधाच्या नमुन्यासाठी सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा सोडा, बाटलीचं झाकण खाली ठेवू नका, बाटली आडवी धरा म्हणजे कासेवरची धूळ आत पडणार नाही. नमुना बर्फात थंड पाठवा.

जनावर मेलं तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका, उरलेला कळप त्यातून वाचू शकतो. याला एकच अपवाद, आणि तो कधीच मोडू नका: चांगलं चरणारं जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, अंग ताठत नाहीये, तर ती फाशी असू शकते. ते जनावर कापू नका, सोलू नका, ओढत नेऊ नका. हवा लागली की तिच्या जिवाणूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत अनेक वर्षं जिवंत राहतात. कुत्री-गिधाडं येणार नाहीत असं बघा आणि पशुवैद्यांना बोलवा. कानाच्या शिरेतल्या रक्ताच्या एका थेंबावर त्यांचं काम भागतं.

अहवालात ‘काही आढळलं नाही’ आलं. म्हणजे जनावर निरोगी आहे?

तसं नाही. ज्याची तपासणी मागितली, ते त्या नमुन्यात, त्या दिवशी सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोचीडतापात जंतू तापाच्या सुरुवातीला रक्तात दिसतात आणि पुढे विरळ होतात. गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडं कधी कधी अजून वाढलेलीच नसतात. म्हणून लक्षणं चालू असतील तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं रक्त द्या आणि पहिल्याशी ताडून बघायला सांगा. पहिली बाटली प्रयोगशाळेने टाकून दिली नाही ना, हे त्याआधी फोन करून विचारा.